सोळा ठिपके आणि स्यूडोगॅप
दिवाळीसाठी दापोलीजवळच्या घरी आलो, तेव्हा एक न उलगडलेला आलेख सोबत होता. हबर्ड मॉडेल म्हणजे जालकाच्या ठिपक्याठिपक्यांवर उड्या मारणाऱ्या, एकाच ठिपक्यावर आल्यास एकमेकांना लोटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे साधे मॉडेल. त्याच्या 4 × 4 जालकावर मी दोन संवेगबिंदूंचे वर्णपट (त्या संवेगाच्या इलेक्ट्रॉनाला कोणत्या ऊर्जा मिळतात याचे आलेख) काढले होते, एक संवेगक्षेत्राच्या कडेच्या मध्याचा आणि दुसरा कर्णावरचा, आणि ते शेवटच्या दशांशापर्यंत तंतोतंत जुळत होते.

हे मला खटकले, कारण स्यूडोगॅपचे मर्म या दोन बिंदूंमधल्या फरकातच आहे. कमी डोपिंग (मिसळीने इलेक्ट्रॉनांच्या संख्येत केलेला बदल) असलेल्या ताम्र-ऑक्साइड अतिसंवाहकांत, ज्याखाली अतिसंवाहकता येते त्या संक्रमण तापमानाच्या वरही इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांत अर्धवट फट उरते; हाच स्यूडोगॅप. 1990 च्या दशकातील प्रकाश-उत्सर्जनाच्या प्रयोगांनी दाखवले की ती कडेच्या बिंदूजवळ उघडते, तर कर्णाच्या दिशेला धातूसारख्या अवस्थांचा तुटका चाप शिल्लक राहतो.

प्रोग्राममध्ये चूक असावी असे धरून मी दोन दिवस घालवले. नंतर सारवलेल्या खळ्यात आईने रांगोळीसाठी काढलेल्या ठिपक्यांतले सोळा घेऊन शेजार मोजू लागलो. समोरासमोरच्या कडा जोडल्या की प्रत्येक ओळ चार ठिपक्यांचे वर्तुळ होते, आणि त्यांना 00, 01, 11, 10 अशी नावे दिली तर शेजाऱ्यांत एकाच अंकाचा फरक राहतो. म्हणजे आडव्या-उभ्या मिळून प्रत्येक ठिपक्याला चार अंक, आणि ते चारही समान दर्जाचे! हे जालक वस्तुतः चार मितींचा घन आहे, आणि त्याच्या जादा सममितीमुळे ते दोन संवेगबिंदू एकरूप ठरतात. प्रोग्राम निर्दोष होता.

कर्णावरच्या शेजाऱ्याकडे होणारी इलेक्ट्रॉनाची उडी मॉडेलमध्ये घातली की ही सममिती मोडते. खऱ्या ताम्र-ऑक्साइडांत ती उडी असतेच. वर्णपट लगेच वेगळे झाले. मात्र तेवढ्यावरून स्यूडोगॅप सापडला असे मी म्हणणार नाही, कारण इलेक्ट्रॉनांतली परस्परक्रिया शून्य असतानाही या उडीमुळे त्या बिंदूंच्या ऊर्जा वेगळ्या असतात. शेजारच्या स्पिनांच्या प्रतिलोहचुंबकीय (उलट दिशांना राहण्याच्या) सहसंबंधांनी त्या फरकात किती भर घातली, हे वेगळे काढावे लागते.

त्यासाठी मोठे जालक हवे, आणि खरी अडचण तिथेच आहे. अर्ध्या भरणीला (दर ठिपक्याला सरासरी एक इलेक्ट्रॉन, वर आणि खाली स्पिनचे समसमान) सोळा ठिपक्यांच्या अवस्था 16,56,36,900 होतात. या अवस्थांचे गुणांक ठेवणारा एक सदिश सुमारे 1.3 जीबीत मावतो. वीस ठिपक्यांना तोच 270 जीबीच्या पुढे जातो. म्हणून आता मी क्लस्टर डायनॅमिकल मीन-फील्ड पद्धतीकडे (यात मोजकेच ठिपके नीट सोडवून उरलेले जालक सरासरी परिसर म्हणून धरतात) वळलो आहे, आणि तिथेही पहिला प्रयत्न चारच ठिपक्यांचा आहे.