पस्तीसपट लहान जंगल : माझा अनुभव

डायोरामा, म्हणजे एखाद्या प्रसंगाचा छोटा हुबेहूब देखावा, करायला घेतला तेव्हा सगळ्यात आधी महिना ठरवला: दुसऱ्या महायुद्धातला जुलै १९४४. मणिपूर-ब्रह्मदेश सीमेवरची डोंगरातली पायवाट, तिच्यावरून निघालेली ब्रिटिश भारतीय सैन्यातल्या आपल्या जवानांची गस्त आणि दारूगोळा लादलेलं एक खेचर, एवढाच प्रसंग. महिना आधी ठरवावाच लागतो. तिकडच्या सागाच्या रानात मार्चमध्ये पानगळ आणि धूळ असते, जुलैत पोटरीपर्यंत चिखल. जमीन, गणवेश, बूट, खेचराचे पाय, सगळ्यांचे रंग त्यावर ठरतात. जंगल म्हणजे हिरवं एवढंच धरून चाललं की मोसम कुठला तेच कळत नाही.

जुलैकडं मन ओढलं त्याला आणखी एक कारण होतं. २२ जून १९४४ ला जपान्यांनी अडवलेला कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला आणि ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी आपल्या चौदाव्या आर्मीला पावसाळ्यासाठी थांबू दिलं नाही, ऐन पावसात जपान्यांचा पाठलाग चालू ठेवला. त्या पावसात चाललेल्या माणसांबद्दल आपल्याकडं फारच कमी बोललं जातं. त्याच वर्षी मार्चमध्ये उखरूलजवळच्या सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण लढली होती. या पलटणींत भरती होणारी पोरं आपल्याच भागातली, कोल्हापूर-साताऱ्याची, कोकणातली. सांगशाकच करायचा विचार आधी होता. पण ती टेकडी, तिच्यावरचं चर्च, उथळ खंदक हे सगळं टेबलावर मावणारं नाही. शिवाय मला लढाईपेक्षा चालणं दाखवायचं होतं. म्हणून ठराविक घटना घेतली नाही आणि कुणाच्या खांद्यावर पलटणीचा बिल्लाही लावला नाही.

स्केल १:३५. पावणेसहा फुटी माणूस यात पाच सेंटिमीटरचा होतो. हे गणित सतत डोक्यात ठेवावं लागतं. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी चालतो, तिथं मजा वेगळी असते. इथं एक पान जरी मोठं झालं तरी माणूस खोटा वाटायला लागतो. पंधरा मीटरचा बांबू या मापात त्रेचाळीस सेंटिमीटर होतो, म्हणजे अख्खं जंगल उभं केलं तर माणसं तळाशी बुडून जातात. मी खोड आणि बांबू पंचवीस सेंटिमीटरवर सरळ कापले. नजर आपोआप वर न जाता वाटेवर राहते.

पाहायला गेलो गगनबावड्याला, भर पावसात. तिकडचं जंगल आणि मणिपूरचं जंगल एक नव्हे, झाडं वेगळी आहेत. पण पावसाळी जंगलाची जमीन कशी दिसते हे फोटोत कळत नाही. वाकून बघितल्यावर लक्षात आलं की जमिनीवर हिरवं फार थोडं असतं. कुजलेली पानं, काळपट काटक्या, मधेच उघडी पडलेली तांबडी माती, आणि उजेड जिथं पोचतो तिथंच नेचे. चिखलातून चालल्यावर पावलाच्या खड्ड्यात पाणी साठतं आणि खड्ड्याची कड वर उचलली जाते, तीही बोटानं चाचपून बघितली. राधानगरी-दाजीपूरलाही जाऊन आलो, पण अभयारण्यातून काडीसुद्धा उचलायची नसते आणि मी उचलली नाही. लागणारं सगळं सामान गावात आणि शेताच्या बांधावर मिळतं.

पंचेचाळीस बाय तीस सेंटिमीटरच्या लाकडी पाटावर एक्सपीएस फोमचे (थर्मोकोलसारखा, पण दाट) थर चिकटवून उतार कोरला, त्यावर भिंतीला लावतात ती पुट्टी. माती पन्हाळ्याच्या रस्त्याकडची. ती दोनदा चाळून तव्यावर चांगली भाजून घेतली, कारण कच्च्या मातीत किडे आणि बुरशी दोन्ही असतात आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात बुरशी यायला वेळ लागत नाही. फेविकॉलमध्ये पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून ते ड्रॉपरनं सोडायचं. साबण नसेल तर पाणी मातीवर थेंब धरून बसतं, आत मुरत नाही. कुजलेल्या पानांसाठी वाळलेली पानं मिक्सरला जाडसर फिरवली, त्यात वापरलेली चहापत्ती मिसळली.

बांबूला उदबत्तीच्या काड्या वापरल्या. काडी मुळात बांबूचीच, जाडी साधारण सव्वा मिलिमीटर, म्हणजे खऱ्यात साडेचार सेंटिमीटरचा कोवळा बांबू. जाड बांबूंना कबाबच्या तीन मिलिमीटरच्या काड्या. पेरं दाखवायला दर सेंटिमीटरला शिलाईच्या दोऱ्याचा एक वेढा आणि वर फेविक्विकचा ठिपका. वाळल्यावर रंग: नव्या बांबूला पिवळट हिरवा, जुन्याला राखाडी, आणि पेराच्या खाली पांढरट पट्टा. बेटातला प्रत्येक बांबू थोडा वेगळ्या कोनात झुकलेला हवा आणि दोन-चार वाळून मोडलेले हवेत. पानं पातळ कागदाची, दोन्ही बाजूंनी रंगवून सहा मिलिमीटरची अणकुचीदार कापलेली. या कामाला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि संध्याकाळी दिव्याखाली बसून ते करताना मला फार समाधान वाटायचं. उंच गवतासाठी उसाचा तुरा. थंडीत तुरा येतो तेव्हाच आणून सावलीत वाळवायचा, बारीक फांद्या सोडवायच्या आणि झुबक्यानं रोवायच्या. बाजारातलं कुठलंही तयार गवत याच्या जवळपास येत नाही. चिमटे, बारीक कानशी आणि तांब्याची तार गुजरीत सराफांची हत्यारं मिळतात तिथून घेतली. खेचराच्या पट्ट्यांसाठी चप्पल लाईनमधून चामड्याची छिलाई आणली होती, पण पातळातली पातळ छिलाईसुद्धा या मापाला जाड पडते. पट्टे शेवटी औषधाच्या पाकिटाच्या फॉइलचे केले.

माणसांचे गणवेश तेव्हाच्या जंगल ग्रीन रंगाचे. तो रंग घामानं, उन्हानं आणि सततच्या धुण्यानं पांढुरका होत जातो, त्यामुळं मूळ हिरव्यात राखाडी मिसळला. खांदे आणि पाठ भिजलेली म्हणून एक छटा गडद. डोळ्यांसाठी गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत एका मूर्तिकारांकडं गेलो. गणपतीच्या डोळ्यांची आखणी ते करतात. करंगळी मूर्तीला टेकवून मनगट स्थिर कसं करायचं, रेघ मनगटातून न ओढता बोटांतून कशी ओढायची, हे त्यांनी जवळ बसवून दाखवलं. पाच सेंटिमीटरच्या माणसाचा डोळा मिलिमीटरपेक्षा कमी असतो. तिथं शुद्ध पांढरा लावला तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. कातडीचा रंग मिसळलेला मळकट पांढरा, वर पापणीची एक काळसर रेघ, आणि टोपीच्या कडेची सावली, एवढं पुरतं.

आता खरा अवघड भाग. जंगल माणसाला लपवतं. त्या सैनिकांचं जगणंच त्यावर अवलंबून होतं. पण मला तीच माणसं बघणाऱ्याला दाखवायची होती. झाडी विरळ केली तर बाग होते, दाट केली तर खेचर आणि माणसं दिसतच नाहीत. चिकटवण्याआधी सगळं नुसतं टेकवून ठेवलं आणि ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांना बोलावलं. सैनिक टाकळीचे, नागालँडमध्ये बरीच वर्षं काढलेले. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. त्यांनी चष्मा पुसून नीट बघितलं.

"काय रं पोरा, ही मानसं जोतिबाच्या यात्रंला निघाल्यात व्हय? एक गोळा पडला तर समदी जातील."

"मग किती लांब ठेवू, आण्णा?"

"म्होरल्याची पाठ दिसली पायजे, पर हात लागला न्हाई पायजे. आनि समदी म्होरं नगं बघाय. एकानं डावीकडं, एकानं उजवीकडं, शेवटच्यानं मागं."

चार मीटरचं अंतर धरलं तर या मापात साडेअकरा सेंटिमीटर होतात. वाट पाटाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात नेली, तेव्हा कुठं चौघं आणि खेचर त्या अंतरानं बसले: पुढं टॉमी गनवाला (हातातली छोटी मशीनगन), मागं ब्रेन गनवाला (हलकी मशीनगन), मग खेचर आणि त्याचा जवान, शेवटी रायफलवाला. वाट तिरपी झाल्यानं दाट बेट मागच्या दोन बाजूंना गेलं आणि पुढं फक्त नेचे आणि गवत राहिलं. पहिला जवान अर्धा झाडीत ठेवला. फिकट पडलेला गणवेश गडद पानांपुढं थोडा उशिरा दिसतो, पण दिसतो. बघणारा आधी खेचर बघतो, मग त्याच्या लगामामागं जाऊन जवान सापडतो, मग हळूहळू बाकीचे. आण्णा पुन्हा आले तेव्हा त्यांनी बोटानं एकेक माणूस मोजला आणि मान हलवली. त्या मान हलवण्याचं मोल मला कुठल्याही प्रदर्शनातल्या बक्षिसापेक्षा मोठं वाटतं.

खेचरावर मी जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला घुसून लढणाऱ्या चिंडिट तुकड्यांनी आवाज शत्रूला कळू नये म्हणून खेचरांचे स्वरतंतू शस्त्रक्रियेनं निकामी केले होते. मुक्यानं ओझं वाहणारी ती जनावरं डोळ्यांसमोर आली की ब्रश आपोआप सावकाश चालतो. पोट, मांड्या आणि खुरांवर चिखल तीन छटांत चढवला: आत वाळलेला फिकट, वर ओला गडद, खुरांपाशी चकचकीत.

पावलांच्या खड्ड्यांत दोन भागांचं इपॉक्सी रेझिन, किंचित तपकिरी छटेचं, दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर एका वेळी नको. मॅट वार्निश मात्र पावसाळ्यात फवारू नये. दमट हवेत ते पांढरं धरतं आणि गडद हिरव्यावर ते लगेच दिसतं. मी ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघितली, दुपारी फवारलं, आणि ओलं दिसायला हवं तिथं नंतर ब्रशनं ग्लॉस लावलं. वर ॲक्रिलिकची पेटी, मागच्या बाजूला हवेसाठी बारीक भोकं.

यापुढचं काम ठरलंय. ३.७ इंची पहाडी तोफ सुटी करून आठ खेचरांवर लादत असत. तीच वाट, तोच महिना, पण पाट तिप्पट लांब लागेल. उसाचा तुरा या थंडीत जरा जास्तच आणून ठेवणार आहे.