आधी कोथरूडची छोटी रेल्वे, मग बोरघाट

जोशींच्या रेल्वे संग्रहालयाचं नाव काढलं की बरेच पुणेकर म्हणतात, "ते लहान मुलांचं ना?" मुलांना जरूर न्या. पण बोरघाटातली रेल्वे समजून घ्यायची असेल, तर मोठ्यांनीही आधी इथेच यावं असं माझं ठाम मत झालंय.

कोथरूडला संगम प्रेस रस्त्याजवळ, जी. ए. कुलकर्णी पथावर हे संग्रहालय आहे. भाऊ जोशींनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते उभं राहिलं आणि 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुलं झालं. मधोमध छोटंसं शहर मांडलंय. निवेदन सुरू झालं की एकेक गाडी धावू लागते, वाफेच्या इंजिनापासून आजच्या वेगवान गाडीपर्यंत. शहराकडे सगळेच बघतात, तुम्ही मात्र सिग्नलवर नजर ठेवा. कुठली गाडी कशासाठी थांबली आणि कधी सुटली, हे इथे एका नजरेत कळतं. खऱ्या स्टेशनात ते कधीच दिसत नाही.

आता घाटाकडे. 1858 मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली, पण मधला घाट तयार नव्हता. खोपोलीला उतरायचं, पालखीने नाहीतर मिळेल त्या वाहनाने घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचं. घाटाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. ते काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, पुढे चालवून तडीस नेलं. पटकी आणि तापाने हजारो मजूर गेले. त्यांची नावं कुठेही कोरलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. 1863 मध्ये घाट खुला झाला.

चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की गाडी 1 मीटर वर. खंडाळ्याजवळ वळायला जागाच नव्हती, म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि गाडी उलट दिशेने काढायची. हे सगळं कोळशावर चाले. सुरुवातीला कोळसा विलायतेहून बोटीने येई. पुढे आपल्याकडे वरोऱ्याला खाण निघाली आणि तो कोळसा आणायला वर्धा–वरोरा असा खास लोहमार्ग 1870 च्या दशकात टाकला गेला. 1929 मध्ये घाटात वीज आली आणि रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं. कोळसा मात्र सुटला नाही. तो इंजिनातून निघून ठाकुर्लीच्या वीजघरात जळू लागला. त्या काळातलं 'खेकडा' नावाचं विजेचं इंजिन वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात आहे. चाकांना जोडणारे त्याचे जाडजूड दांडे जवळ जाऊन बघा.

जाणाऱ्यांसाठी थोडं. संग्रहालयाच्या वेळा आणि सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा, शाळेची सहल असेल तर गर्दी होते. मेट्रोने नळस्टॉपला उतरून रिक्षा केलेली बरी, गाडी लावायला जागा शोधत बसावं लागत नाही.

घाटासाठी सकाळची, कर्जतला थांबणारी गाडी बघा. थांबा आहे का ते तिकीट काढतानाच तपासा, बऱ्याच गाड्या थांबत नाहीत. पुण्याहून जाताना उजवीकडची खिडकी घ्या, खंडाळा सोडल्यावर उल्हास नदीची दरी आणि पलीकडे राजमाची त्याच बाजूला दिसते. उतारावर मधूनच वर चढत जाऊन संपणारा रूळ दिसला, तर ती कॅच सायडिंग. ब्रेक न लागलेली गाडी तिथे चढून थांबावी म्हणून ती केलेली असते. पावसाळ्यात धबधबे आहेतच, पण दरड कोसळून गाड्या रद्द होतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

कर्जतला उतरलात की पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या शेपटाकडे, फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला जा. घाट चढताना गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं तिथे येऊन लागतात. तेवढ्या वेळात वडापावही होतो.