आमची वाटचाल : वेल्डिंगच्या सांध्याकडून रॉकेटच्या अस्तराकडे

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं शेड आहे. माल न फोडता त्यातले दोष शोधणं हे आमचं काम. सुरुवात रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद असताना तिथल्या वेल्डिंगच्या रेडिओग्राफीने झाली, म्हणजे किरणांनी सांध्याचा फिल्मवर फोटो काढण्याने. ते किरण इरिडियम-192 या किरणोत्सारी सोर्समधून येतात, आणि या धंद्यात भांडवल बसल्या जागी विरतं. काम असो वा नसो, 74 दिवसांत सोर्सची ताकद निम्मी. म्हणून मिळेल ते काम घेत गेलो.

त्यातूनच नंदेसरीकडच्या केमिकल कारखान्यांतल्या रबर-लाइनिंगच्या टाक्या आल्या. अस्तराला भोक आहे का, हे स्पार्क टेस्ट, म्हणजे विजेच्या ठिणगीची चाचणी, सांगते. पण तिथला फोरमन वेगळंच विचारायचा, "चोंट्युं छे के नहीं?" म्हणजे चिकटलंय की नाही? आम्ही ठोकून आवाज ऐकायचो.

पुढे रॉकेट मोटरच्या केसिंगसाठी, म्हणजे पोलादी कवचासाठी, चाचणी-पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्याने हाच प्रश्न आणला. घन इंधनाची ज्वाळा 3,000 अंशांच्या घरात जाते. आतलं रबरी अस्तर सुटलं तर ती थेट पोलादाला भिडते. इथे आमची रेडिओग्राफी फारशी कामाची नव्हती, कारण घट्ट दबलेल्या सुटलेपणाला जाडीच नसते, मग फिल्मवर दिसणार काय?

मग अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी बघायचं तंत्र, लावलं, तेही पोलादाच्या बाजूने. रबर उत्तम चिकटलेलं असलं तरी सांध्यावरून नव्वद टक्क्यांहून जास्त उंचीचा प्रतिध्वनी परततो. पहिल्या प्रतिध्वनीत चांगलं-वाईट कळतच नाही. पण आवाज पोलादात पुन्हापुन्हा ये-जा करतो आणि चिकटलेल्या जागी प्रत्येक फेरीत थोडा रबरात गळतो. दहाव्या फेरीला उंची साधारण निम्म्यावर येते. सुटलेल्या जागी मात्र पोलाद घंटेसारखं घुमत राहतं. रबर चिकटू नये म्हणून मुद्दाम टेफ्लॉनचे तुकडे घालून बनवलेल्या पॅनेलवर आमच्या मुलांनी हा फरक डोळ्यांत बसवला.

एक मर्यादा मात्र राहतेच. दोन पृष्ठभाग नुसते टेकलेले असतील, गोंदाने धरलेलं काहीच नसेल, तरी आवाज पार जाऊ शकतो. बाँडची, म्हणजे चिकटण्याची, ताकद कळते ती नमुना सोलून, म्हणजे फाडूनच. त्यामुळे आमच्या रिपोर्टात 'बाँड ओके' नसतं; 'विलगता आढळली नाही' असं असतं. एका गिऱ्हाइकाला हे शब्द पचले नाहीत, त्याने दुसरीकडून शिक्का आणला. खुशाल आणावा.

सध्या कॉर्कच्या आवरणांची चौकशी येते. त्यावर अल्ट्रासॉनिकसाठी लावायचं जेल चालत नाही, ते शोषलं जातं. म्हणून दिव्याने क्षणभर तापवून उष्णता टिपणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याने बघायचं. सुटलेल्या जागेवरची उष्णता खाली उतरत नाही, तो डाग जास्त वेळ गरम राहतो. जाड थरात डाग पुसट होतो, तिथे आम्ही दर सांगण्याआधी नमुना मागवतो. कॅमेरा अजून भाड्याचाच आहे.