एप्रिलमधले गुण

पुरुमेंताचे दिवस होते, मे महिन्याचा दुसरा आठवडा. गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात आमच्या दुकानासमोर सुक्या मासळीच्या राशी, पलीकडे मिरच्या, सोलं, चिंचेचे गोळे. पावसाळ्याआधी घर भरून ठेवायचं, आणि त्यात चहाही आला. एरवी पाव किलो सुटी पत्ती नेणारा माणूस मेमध्ये दोन किलो बांधून घेतो. अशा गर्दीत सकाळी साडेदहाला एका हॉटेलचे मालक आले आणि दहा किलोची पिशवी त्यांनी काउंटरवर ठेवली. तीनेक किलो वापरलेली होती.

"वहिनी, ही परत घ्या. ह्या चहात काहीतरी घातलंय."

समोर सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी आवाज खाली केला नाही.

नऊ वर्षं हे हॉटेल आमच्याकडून चहा नेतंय. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि ट्रकवाल्यांवर चालणाऱ्या टपऱ्या एकेक करून बसल्या, तेव्हा आमचं निम्मं गिऱ्हाईक तुटलं होतं. त्यानंतरच्या वाईट दिवसांत ज्या मोजक्या लोकांनी दुकान तगवलं त्यांतले हे एक. दिवसाला अडीचशे-तीनशे कप जातात त्यांचे. त्यामुळे बोलणं जिव्हारी लागलं तरी मी त्यांना आत बसवलं आणि नक्की काय होतंय ते विचारलं.

चहा शाईसारखा काळा उतरतो. दूध घातलं की राखेचा रंग येतो. वर तेलकट तवंग धरतो. गिऱ्हाइकं अर्धा कप टाकून उठतात.

भेसळीचा संशय आला की मी दोन गोष्टी गिऱ्हाइकासमोरच करते. फिल्टर पेपर पाण्याने ओला करून त्यावर चिमूटभर पत्ती पसरायची. रंग चोपडलेला असेल तर कागदावर लगेच तांबडे-पिवळे ओघळ सुटतात. चांगली पत्ती तशी धावत नाही, तिचा रंग सावकाश उतरतो. मग चुंबक फिरवायचं. सीटीसी चहा दातेरी रोलरांमधून चिरडून, फाडून, वळवून निघतो. १९३०च्या दशकात आसामात सुरू झालेली ही पद्धत आज आपल्या बहुतेक घरांतल्या चहाची आहे. त्या रोलरांचे दात झिजतात, म्हणून बारीक लोहकण पत्तीत येऊ शकतात आणि चांगला कारखाना ते चुंबकाने काढूनच माल भरतो. कागद स्वच्छ राहिला. चुंबकालाही काही लागलं नाही. मालकांचा चेहरा बदलला नाही. "कागदावर चहा प्यायचा नाही, वहिनी," म्हणाले. मला राग आला, पण ते चूक बोलत नव्हते.

एक वाजता दुकान बंद करून पिशवी घरी नेली. चव मी घरीच घेते. दुकानात मसाले, उदबत्ती आणि समोरची खारी मासळी. चहाइतकी वास ओढणारी दुसरी वस्तू आमच्या दुकानात नाही. मोगऱ्याच्या फुलांत ठेवला तर तो मोगऱ्याचा होतो, तसा बोंबलाशेजारी ठेवला तर बोंबलाचा होतो. त्यामुळे चहा चाखायच्या दिवशी सासूबाई फोडणी थांबवतात. आम्ही जेवतो तीन वाजता. गेली सहा वर्षं त्यांनी याबद्दल एकदाही कुरकुर केलेली नाही, आणि हे काम जमतं त्यात अर्धा वाटा त्यांचा आहे.

सहा पांढरे चिनी मातीचे झाकणाचे कप, सहा वाट्या. १४० मिली पाण्याला २.८ ग्रॅम पत्ती, काट्यावर मोजून. नुकतंच उकळलेलं पाणी, दोनदा तापवलेलं चालत नाही. सहा मिनिटं झाकण. कोणत्या कपात कोणता चहा हे मला कळू नये म्हणून सासूबाई कपांखाली चिठ्ठ्या ठेवतात. मग कोरा चहा वाटीत ओतायचा आणि उकललेली पत्ती झाकणावर उपडी करून पाहायची. नव्या तांब्याच्या पैशासारखी लकाकली तर बरी, हिरवट-काळी दिसली तर कारखान्यात काहीतरी बिघडलंय. चमचाभर चहा जोरात भुरका मारून तोंडात घ्यायचा. भुरक्याने चहा फवाऱ्यासारखा जिभेवर पसरतो आणि वास मागून नाकात चढतो. घोट गिळायचा नाही, थुंकायचा. हिरड्यांना जो चटका बसतो त्याला धंद्यात ब्रिस्क म्हणतात. तो नसला तर चहा मेलेला. शेवटी दूध. दुधात चांगल्या आसामचा रंग नव्या कौलासारखा येतो, आणि मी त्यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवते, कारण आमच्याकडे चहा दुधातच पितात. सुकी पत्ती, कोरा रंग, चव, दुधातला रंग: प्रत्येकी १० गुण, एकूण ४०.

एक सांगितलं पाहिजे. आमच्या घाऊक व्यापाऱ्यांना हे सगळं वेळ घालवणं वाटतं. "पब्लिकला रंग पाहिजे, तुम्ही चव कसली बघता," हे मी दर महिन्याला ऐकते. पब्लिकला रंग पाहिजे, कारण पब्लिकला कोणी चव दिलीच नाही.

त्या दुपारी पाच चहा लावले. परत आलेला, त्याच लॉटचा दुकानातला, आणि तीन वेगळे. चिठ्ठ्या उलटल्या तेव्हा परत आलेल्या चहाला ३३ आणि दुकानातल्याला ३३. दुधात दोन्ही नव्या कौलासारखे. पत्तीत काही खोट नव्हती.

मग संध्याकाळी दुकान नवऱ्यावर सोपवून स्कूटरवरून हॉटेलात गेले. घरच्या पाण्याच्या दोन बाटल्या बरोबर घेतल्या. पाणी का घेतलं हे मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा माझ्या चहाची साक्ष माझ्याच पाण्यात द्यावी असं वाटलं असेल. संशय माझा टोपावर होता.

तिथे चहा करतात त्या मावशी साठीच्या पुढच्या आहेत. टोप ॲल्युमिनियमचा, स्वच्छ घासलेला. मी टोप उलटापालटा करून बघतेय हे त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "बाय, टोप नको बघूस. चहा बदलला नाही, पाणी बदललं. शिगम्यानंतर नवी बोअर मारली ना."

रात्री भरून ठेवलेला काचेचा ग्लास त्यांनी खिडकीतून उचलून दिला. भरताना पाणी नितळ असतं, म्हणाल्या. आता तळाशी तांबूस गाळ बसला होता, वर पाणी गढूळ पिवळसर. भांडी पुसायचे पांढरे पंचेही तांबूस झाले होते. त्यांनी हे मालकांना दोनदा सांगितलं होतं. मालकांनी दोनदाही ऐकलं नाही, आणि दुकानात येऊन आठ माणसांसमोर माझ्या चहाला नाव ठेवलं. दिवसाला तीनशे कप जिच्या हातून जातात तिला चहाबद्दल कोणी विचारत नाही, हे मी बऱ्याच हॉटेलांत पाहिलंय.

दोन शेगड्या, दोन टोप, एकाच पिशवीतली पत्ती. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात माझ्या बाटलीतलं. मालकांना हाक मारून उभं केलं. दोन्ही चहा कोरेच काचेच्या ग्लासांत गाळले. एक लालसर, ग्लासामागची ट्यूबलाइट आरपार दिसत होती. दुसऱ्यामागे बोट धरलं तरी अलीकडून दिसेना, आणि काठावर जांभळट-काळी कड. दूध घातल्यावर एक कौलाचा, दुसरा ओल्या राखेचा. मालक बराच वेळ नुसते बघत राहिले. मग दोन्हींचा एकेक घोट घेतला आणि बोअरचा ग्लास मोरीत ओतला.

कारण जुनंच आहे. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की काळा रंग होतो, कापड काळं करायला आणि शाईला आपल्याकडे तो वापरत आले. हिरड्यात जो तुरटपणा तो चहातही आहे, आणि हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. आमची जमीन जांभ्याची, खाली लोखंडाचं खनिज. जमिनीखालच्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं तोवर ते नितळ दिसतं, हवा लागली की गंजासारखं तळाशी बसतं. अशा पाण्यात चहा टाकला की टोपातच शाई तयार होते. चहाचा चटका लोहात अडकून पडतो आणि जिभेला फक्त धातूची चव उरते. उपायही कठीण नाही. पाणी टाकीत उंचावरून फवाऱ्यासारखं पाडायचं, निवळू द्यायचं, वाळूतून गाळायचं. तोवर चहापुरतं नळाचं पाणी वापरा म्हटलं. मालकांनी पिशवी परत घेतली. मावशींना मात्र काही म्हणाले नाहीत, आणि ते मला खटकलं.

इथपर्यंतचं मी आठ-दहा जणांना सांगून झालंय, आणि सगळे म्हणतात छान शोधलंस. पुढचं सांगितलेलं नाही.

परत येताना माझ्या डोक्यात "राखेचा रंग" हे शब्द घोळत होते. सकाळी ते मालकांच्या तोंडून ऐकले होते, पण त्याआधीही कुठेतरी. घरी आल्यावर गुणांची वही काढली. एप्रिलची पानं. १४ एप्रिल: कुन्नूरकडच्या एका लहान कारखान्याचं सॅम्पल, ४० पैकी १९. शेरा: "सुक्या पत्तीला वास उत्तम. कोरा मंद, दुधात राखाडी. आंबवणं चुकलंय." अक्षर माझंच.

एप्रिलमध्ये आमच्या रस्त्याचं खोदकाम चाललं होतं. जवळजवळ तीन आठवडे नळ बंद होता आणि आम्ही शेजारच्या बोअरवरून टाकी भरत होतो.

मी मागची पानं चाळली. आमच्या नेहमीच्या आसाम ममरीला मार्चमध्ये ३२. त्याच लॉटला १४ एप्रिलला २२, पुढे माझा शेरा: "जुना झाला." दीड महिन्यात बंद डब्यातला चहा दहा गुणांनी जुना होत नाही. हे मला माहीत होतं. पुरावा त्याच पानावर, त्याच तारखेला, चार ओळी खाली होता, आणि मी तो ओलांडून पुढे गेले होते. त्या तीन आठवड्यांत चाखलेल्या अकरा चहांपैकी एकालाही २५च्या वर गुण नाहीत. मी चिठ्ठ्या लपवत होते, ग्रॅमचे दशांश मोजत होते, घरच्यांना उपाशी ठेवत होते, आणि कपात ९८ टक्के जे असतं ते काय आहे याची नोंद वहीत कुठेच नाही.

ते सॅम्पल पाठवणारा मुलगा पंचविशीचा असेल. मी त्याला फोनवर सांगितलं होतं, तुमच्या कारखान्यात पत्ती जास्त वेळ आंबू देतात, तिकडे लक्ष द्या. तो म्हणाला होता, "ताई, परत एकदा करून बघाल का? बाकी कोणी असं म्हटलं नाही." मी म्हटलं होतं, सहा वर्षं हेच करतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो लॉट कधीच विकला गेला होता, आणि माझ्याकडच्या पाकिटात एक कणही उरला नव्हता. तो चहा १९चा होता की ३५चा, हे आता कळायचं नाही. "चालतं ताई, नवीन पाठवतो," म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं.

मी ज्या पद्धतीने चहा करते ती आयएसओ ३१०३ची. १९८० साली पहिल्यांदा निघालेला हा मापदंड, १०० मिलीला २ ग्रॅम आणि सहा मिनिटं हे त्यातलंच. त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. त्या रात्री पुन्हा वाचली. त्यात पाण्याबद्दलही आहे: जिथे चहा प्यायला जाणार, तिथल्या पिण्याच्या पाण्यासारखं पाणी घ्यावं. मी त्यावरून किती वेळा नजर फिरवली असेन.

आणि खरा घोळ इथेच आहे. माझी निम्मी गिऱ्हाइकं नळाचं पाणी वापरतात, बाकीची विहिरीचं नाहीतर बोअरचं. माझ्या माहेरी फोंड्याला ओपाचं, खांडेपार नदीचं पाणी येतं. तिथे माझाच चहा जास्त उजळ लागतो म्हणून आई दर खेपेला कौतुक करते, आणि मी समजत होते ते लेकीचं कौतुक. मग गुण कोणत्या पाण्यात द्यायचे? स्वच्छ पाण्यात ३५ मिळवणारा नाजूक निलगिरी चहा मी एखाद्या बोअरवाल्या घरी बांधून दिला, तर त्यांच्या कपात तो शाईच होणार. आणि त्यांच्याच पाण्यात गुण द्यायचे ठरवलं तर चांगला चहा माझ्या दुकानात कधीच येणार नाही.

सध्या ओट्यावर तीन बाटल्या आहेत. नळ, शेजारची बोअर, आणि गेल्या रविवारी नवऱ्याने आणलेली ओपाची. वहीत प्रत्येक चहासमोर तीन रकाने आखलेत. हॉटेलातल्या मावशींना मी दुपारच्या चहाला बोलावलंय. त्यांनी चौथी बाटली आणायचं कबूल केलंय, त्यांच्या घरच्या विहिरीची. कुन्नूरचं नवं पाकीट परवा आलं. त्या येईपर्यंत फोडणार नाही.