आजोबांची नक्कल आणि हरवलेली ग्रीक नाटके

सेलूजवळच्या आमच्या गावी जुन्या घराचे माळवद उतरवताना देवळीतून आजोबांची एक वही निघाली. गावच्या जत्रेत उभ्या राहणाऱ्या कुठल्याशा ऐतिहासिक नाटकातली ती त्यांची नक्कल होती. पूर्वी प्रत्येक नटाला अख्खी संहिता उतरवून देणे परवडत नसे. त्याचे स्वतःचे संवाद आणि त्याआधीच्या पात्राच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द एवढेच त्याला लिहून मिळत, आणि त्यालाच नक्कल म्हणत. पहिले पान वाळवीने खाल्ले असल्यामुळे नाटकाचे नाव कळत नाही. सेनापती झालेले आजोबा ‘…म्हणूनच ना?’ या शब्दांवर संतापतात. पण ते शब्द कोणाचे होते, हे सांगू शकणारे गावात आता कोणी उरलेले नाही.

गेली काही वर्षे मी प्राचीन ग्रीक रंगभूमीविषयी जमेल तसे वाचतो आहे, आणि ती वही हाती आल्यापासून तिथल्या हरवलेल्या नाटकांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. तिथल्या तिघा मोठ्या शोकांतिकाकारांपैकी सॉफोक्लिसने 120 हून अधिक नाटके लिहिली आणि त्यांपैकी पूर्ण अशी 7 उरली. एस्किलसचीही 7 च. युरिपिडिसच्या सुमारे 90 नाटकांपैकी 19 शिल्लक आहेत, आणि त्यांतलेही एक त्याचे नसावे असा अनेक अभ्यासकांना संशय आहे.

जे उरले ते श्रेष्ठ होते म्हणूनच उरले, ही आपली समजूत युरिपिडिसच्या बाबतीत तरी टिकत नाही. त्याच्या 19 पैकी 10 नाटके पुढच्या शतकांत शाळांमधून शिकवली गेली आणि त्यामुळे त्यांच्या प्रती होत राहिल्या. उरलेली 9 मात्र ग्रीक वर्णमालेतल्या एप्सिलॉन ते काप्पा या अक्षरांच्या टप्प्यात येणारी आहेत, म्हणजे वर्णानुक्रमे लावलेल्या समग्र नाटकांचा एक तुकडा योगायोगाने कोणाच्या तरी हाती लागून चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितापर्यंत पोहोचला. आपल्या वाचनालयातल्या एका कप्प्याला वाळवी लागू नये आणि शेजारच्या दहा कप्प्यांची माती व्हावी, तसाच हा प्रकार.

मला सर्वांत जास्त चुटपुट लागते ती युरिपिडिसच्या ‘अँड्रोमिडा’ची. इ.स.पू. 412 मध्ये ते रंगमंचावर आले आणि दुसऱ्याच वर्षी विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसने आपल्या प्रहसनात त्याची यथेच्छ टिंगल केली. खडकाला बांधलेल्या नायिकेला ऐकू येणारा प्रतिध्वनी त्या टिंगलीत एक बडबडे पात्र होऊन बसतो. मूळ नाटक नाहीसे झाले आणि आज त्याचा बराचसा अंदाज बांधावा लागतो तो या विडंबनावरून. विडंबनकाराने आपल्या सावजाची अशी राखण करावी, यातला विनोद खुद्द अ‍ॅरिस्टोफेनिसलाही सुचला नसता.

बाकीचे धागेदोरे इजिप्तच्या कोरड्या वाळूत सापडतात. ऑक्सिरिंकस या गावाच्या उकिरड्यांवर 1896-97 पासून खोदकाम झाले. तिथे निघालेल्या कागदांतून सॉफोक्लिसच्या ‘माग काढणारे’ या नाटकाच्या सुमारे 400 ओळी 1912 मध्ये छापल्या गेल्या. अगदी अलीकडे, 2022 मध्ये, फिलाडेल्फिया या इजिप्तमधल्याच दुसऱ्या ठिकाणी एका दफनभूमीत मिळालेल्या पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदावर, युरिपिडिसच्या ‘इनो’ आणि ‘पॉलिइडस’ या दोन हरवलेल्या नाटकांच्या ओळी वाचता आल्या. ऑक्सिरिंकसच्याच एका तुकड्यावर युरिपिडिसच्या ‘अल्सेस्टिस’ या नाटकातले इतर पात्रांचे बोलणे गाळून फक्त अ‍ॅडमिटसचे संवाद उतरवलेले आहेत. तो बहुधा एखाद्या नटासाठी लिहिलेला असावा, म्हणजे नक्कलच! ते नाटक संपूर्ण उपलब्ध असल्यामुळे मधले काय गाळले आहे, हे तिथे निदान कळते.

त्या उकिरड्यात एक प्रहसनही निघाले, आणि ते चक्क हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर घडते. खारितिऑन नावाची ग्रीक तरुणी इथल्या राजाच्या तावडीत सापडलेली असते. तिची माणसे राजाला पाणी न मिसळलेली दारू पाजून झिंगवतात आणि तिला सोडवून नेतात. हा प्रसंग वाचताना मला आमचे पैठण आणि तेर आठवले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण हे भडोचच्या दक्षिणेला 20 दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे तेर, तिथून पूर्वेला 10 दिवसांवर असल्याची नोंद आहे. इथून कापड आणि अकीक धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जात, आणि त्याच बंदरात इटलीची दारू उतरत असे.

त्या प्रहसनातला राजा जे बोलतो त्यातले बरेचसे ग्रीक नाही. काहींनी त्यात कानडी शब्द शोधले, इतरांना ते पटले नाही, आणि लेखकाचे नावही त्या कागदावर नाही. पात्रांच्या नावांऐवजी बहुतेक ठिकाणी नुसती अक्षरे आहेत, आणि ढोल कुठे वाजवायचा त्याच्या खुणा मात्र जागच्या जागी केलेल्या आहेत. आजोबांच्या वहीतही सेनापतीच्या एका लांबलचक भाषणाच्या कडेला, तांबड्या शाईने, ‘येथे पेटी’ असे लिहिले आहे.