निळ्या पट्ट्यांची वाट

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४

आज दसरा, आणि सीमोल्लंघन अगदी खरंखुरं झालं. सकाळी अमेरिकेतल्या हार्पर्स फेरी या गावी रेल्वेपुलाच्या कडेच्या पादचारी पुलावरून लेक आणि मी पोटोमॅक ओलांडली. वेस्ट व्हर्जिनिया मागे, मेरीलँड पुढे. जुन्या कालव्याच्या काठाने साडेचार किलोमीटर सपाट चाल, मग वेव्हर्टनचा नागमोडी चढ.

अपालाचियन ट्रेलची मुख्य वाट झाडांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून ओळखायची. निळा पट्टा दिसला की आडवाट: कड्याकडे, पाण्याकडे नाहीतर निवाऱ्याकडे. जॉर्जिया ते मेन या साधारण ३,५०० किलोमीटरच्या हिशेबात निळ्या वाटा धरत नाहीत. मी मात्र शक्यतो एकही सोडत नाही. वेव्हर्टनचा कडा अशाच पाच मिनिटांच्या आडवाटेवर आहे. तिथे बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. पाऊस नसल्याने खाली नदीतले खडक उघडे पडले होते.

मुक्काम एड गार्व्ही शेल्टरला. लाकडी, दुमजली. या ट्रेलवर असे अडीचशेहून जास्त निवारे आहेत, बहुतेक तीन भिंतींचे आणि समोरून उघडे. सह्याद्रीत गडावरच्या गुहेत किंवा देवळात पथारी टाकायची आणि शेजारच्या टाक्यातलं पाणी काढायचं, ही माझी सवय. इथे निवारा डोंगराच्या धारेवर आणि झरा पार खाली, अर्धा-पाऊण किलोमीटर उभ्या उतारावर.

"आई, दीड लिटर आहे ना? पुरेल की."

रात्रीचा भात, सकाळचा चहा. नाहीच पुरणार. उतरलो. झऱ्याची धार करंगळीएवढी. बाटल्या भरायला वीसेक मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ लेक काहीही न बोलता बसून होती. वर येताना वाटेत आडवं पडलेलं झाड दिसलं. वाटेपुरतं खोड करवतीने कापून बाजूला केलेलं, भुसा अजून ताजा. या भागाची देखभाल करणारा क्लब १९२७ सालचा, आणि कामं आजही स्वयंसेवकच करतात. १९२१ साली बेंटन मॅकाय यांनी ट्रेलची कल्पना मांडली तेव्हाच त्यात निवारे होते. पण मला आज राहून राहून तो करवत घेऊन इतका खाली उतरलेला माणूस आठवतोय. कुणाच्या हिशेबात नसलेली वाट त्याने आमच्यासाठी मोकळी केली.

अंधार पडताना एक तरुण आला. मेनहून निघालेला, पाठीवर चार महिने. पाणी संपलेलं, आणि झरा किती खाली आहे हे त्याला ठाऊक होतं. मी काही म्हणायच्या आत लेकीने आपल्या दोन बाटल्या त्याच्यापुढे ठेवल्या. मग हिकरीचं एक पिवळंधमक पान उचलून त्याच्या हातात दिलं आणि आपट्याची गोष्ट सांगत बसली. त्याने पान नकाशाच्या घडीत नीट ठेवलं.

आता दोघंही झोपलेत. सकाळच्या चहापुरतं पाणी आणायला उजाडताच मी उतरणार आहे.