आमची वाटचाल : फ्रेमच्या दुकानापासून कॅनव्हासपर्यंत

आमच्या कामाची सुरुवात तसबिरींच्या फ्रेमपासून झाली. पण कोल्हापुरात फ्रेमवाल्याची चित्रकारांशी गाठ पडणारच. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचे हे गाव. चित्रकार म. वि. धुरंधरांचा जन्मही (१८६७) इथलाच. व्यक्तिचित्रणाची ती परंपरा इथे अजून जिवंत आहे. ती जपणाऱ्या मंडळींची तक्रार एकच असायची : हलका तयार कॅनव्हास रंग पितो, चेहऱ्यावरच्या छटा मातकट होतात. त्यातून आम्ही कॅनव्हास स्वतः तयार करू लागलो. आज दुकानाचे मुख्य काम तेच.

कापड ताणायची चौकट मुरलेल्या सागवानाची. पुढच्या अंगाला आतल्या बाजूने उतार हवाच. नाहीतर कापड लाकडाला टेकते आणि पुढे चित्रावर चौकटीची रेघ उमटते. कोपरे आम्ही चिकटवत नाही, कापड पुन्हा ताणायला पाचरी ठोकता येतील असे मोकळे ठेवतो. ताणताना चारही बाजूंचे मधले खिळे आधी, मग कोपऱ्यांकडे सरकायचे. खिळे तांब्याचेच. लोखंडी खिळा गंजतो, भोवतीचे कापड कुजते. जुनी तैलचित्रे कडेला फाटलेली दिसतात ती बहुधा यामुळेच.

ताणलेल्या कापडाला आधी सरसाचा हात. सरसाचे माप लिटरभर पाण्याला ७० ग्रॅम. रात्री भिजवून सकाळी गरम पाण्यात भांडे ठेवून विरघळवायचा. उकळी फुटली तर चिकटपणा जातो, तो सरस सरळ ओतून द्यावा. सरसाशिवाय तेलाचे अस्तर (रंगाखालचा लेप) दिले तर तेल धाग्यात मुरते आणि कापड ठिसूळ होते. सरसाचा थर जाड झाला तर अस्तराला भेगा. अस्तराचे हात दोन, दोन्ही पातळ, मध्ये पॉलिश पेपर. त्यानंतर महिनाभर कॅनव्हास दुकानाबाहेर जात नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

खरा त्रास पावसाळ्याचा. सरस ओल धरतो, कापड सैल पडते. तेव्हा पाचरी ठोकू नयेत! हवा कोरडी झाली की सरस पुन्हा आकसतो. त्यात पाचरींचा ताण असला तर रंगाला तडे जातात. चित्रामागे बोर्ड लावावा, आणि बाहेरच्या भिंतीवर टांगायचे असेल तर कॉर्कचे तुकडे लावून हवेला अर्धा इंच वाट ठेवावी.

हल्ली वाड्यांतली जुनी पोर्ट्रेट्सही येतात. त्यांची फ्रेम, मागचा बोर्ड, टांगायच्या कड्या एवढेच आम्ही बदलतो. रंग सुटलेला किंवा वार्निश पिवळे पडलेले असेल, तर ते संवर्धकाचे काम. अशा चित्राला आम्ही ओला बोळासुद्धा लावत नाही.